मिष्टान्न की मिष्ठान्न? पाटी रंगवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी तुम्ही मिठाईचं दुकान काढताय. पाटीचा मजकूर पेंटरकडे गेलाय: ‘शुध्द तुपातील मिष्ठान्न व फरसान भांडार’. तुमच्या मेहुण्यांचं म्हणणं, शब्द ‘मिष्टान्न’ असा हवा. पेंटर म्हणतो, आजवर जेवढ्या पाट्या रंगवल्या त्या सगळ्यांवर ठच होता. आता ऐकायचं कोणाचं? आणि या शब्दात नेमका कोणकोणता माल बसतो?

मेहुण्यांचं ऐका. शब्द मिष्टान्न असाच आहे. ष ला ट जोडायचा, ठ नाही, आणि शेवटी न ला न. एवढ्यावर काम भागत असेल तर पेंटरला आत्ताच फोन करा, कारण पाटीवर सोनेरी रंग चढला की तो दुरुस्तीचे वेगळे पैसे लावतो. पण त्याला पटवायचं असेल तर पुढचं वाचा. मी मुद्रितशोधनाचं काम करते. पुस्तकांपेक्षा लग्नपत्रिका, केटररची मेनूकार्डं आणि मिठाईचे खोके यांच्यावरच माझी लाल पेन जास्त झिजली आहे, आणि त्या सगळ्यांत हा शब्द हमखास भेटतो.

आधी फोड पाहू. मिष्ट + अन्न = मिष्टान्न. दोन्ही शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम. साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली आणि ज्यांत १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली, त्यांचा तत्सम शब्दांबाबतचा रोख स्पष्ट आहे: मूळ भाषेत जसं लिहितात तसं लिहा. मराठी शब्दांना ऱ्हस्वदीर्घाच्या ज्या सवयी लागल्या आहेत त्या यांना सहसा लावायच्या नाहीत. म्हणून इथे ‘लोक कसं बोलतात’ हा मुद्दा फारसा चालत नाही, ‘मुळात काय होतं’ हा चालतो.

शेवटच्या अन्नाबद्दल वाद नसावा, तरी पाट्यांवर ‘मिष्ठान भंडार’ सर्रास दिसतं. अन्न हा शब्द अद् म्हणजे खाणे या धातूपासून झाला आहे आणि त्यात न्न आहेच. पक्वान्न, परान्न, नवान्न, खिरीला म्हणतात ते परमान्न, सगळीकडे न्न. ‘अन, वस्त्र, निवारा’ असं आपण लिहीत नाही, मग मिष्टान्नातलाच एक न का कापायचा? ‘मिष्ठान’ हे रूप बहुधा कानावर बसलेल्या दुसऱ्याच शब्दांच्या चालीवर झालं असावं: प्रतिष्ठान, अनुष्ठान, अधिष्ठान. त्यांच्यात ष्ठान आहे खरं, पण तिथे ते स्था म्हणजे उभं राहणे, टिकणे या धातूतून आलं आहे. तुमच्या पेढ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मिष्ट या शब्दाची गोष्ट जास्त रंगतदार आहे. संस्कृतात मृष्ट असा शब्द आहे, मृज् म्हणजे घासणे, पुसणे, स्वच्छ करणे या धातूपासून झालेला. मृष्ट म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेलं. त्यावरून नीटनेटकं, नाजूक, आणि खाण्याच्या बाबतीत रुचकर. मिष्ट हे त्याच मृष्टचं, बोलीतून जाऊन पुन्हा संस्कृतात आलेलं रूप मानलं जातं. जुने कोश ते मिष् म्हणजे शिंपणे या धातूकडेही नेतात. कुठूनही न्या, ठ कुठेच येत नाही. मृज् ला त लागला की मृष्ट होतं, जसं सृज् ला लागून सृष्ट होतं आणि त्याचीच सृष्टी. हा मृष्ट आजही जिवंत आहे. कन्नड आणि तेलुगूत पंचपक्वान्नांच्या जेवणाला ‘मृष्टान्न भोजन’च म्हणतात, सीमाभागातल्या कोणालाही विचारा. बंगाली लोकांनी मिष्ट ठेवला. त्यांची ‘मिष्टि’, त्यांचं मिष्टि दोई, आणि कोलकात्यातल्या गल्लोगल्लीच्या ‘मिष्टान्न भांडार’ अशा पाट्या. बंगाली लिपीतही तिथे ट आहे.

पेंटरला पुरावाच हवा असेल तर लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येणारा हा श्लोक त्याला दाखवा:

कन्या वरयते रूपं माता वित्तं पिता श्रुतम् ।
बान्धवाः कुलमिच्छन्ति मिष्टान्नमितरे जनाः ॥

मुलगी रूप बघते, आई पैसा, बाप शिक्षण, भाऊबंद कुळ. उरलेल्या मंडळींना काय, मिष्टान्न मिळालं की झालं. काही ठिकाणी शेवटच्या चरणात ‘मृष्टान्नम्’ असाही पाठ मिळतो. म्हणजे हे दोन शब्द एकाच पानावरचे सोबती होते हे उघड आहे. ‘मिष्ठान्नमितरे’ मात्र जुन्या छापील संग्रहात मला कुठे आढळलेलं नाही. अलीकडच्या पत्रिकांवर मात्र भरपूर.

मग हा ठ शिरला कुठून? इथे पेंटरची बाजू थोडी घ्यायला हवी, कारण त्याचा कान अगदीच चुकीचा नाही. संस्कृतातले ष्ट आणि ष्ठ प्राकृतात आले तेव्हा दोघांचाही ट्ठ झाला आणि पुढे नुसता ठ राहिला. पिष्टाचं पीठ झालं, मुष्टीची मूठ, दृष्टीची दीठ, अष्टाचे आठ. आणि तिकडे पृष्ठाची पाठ झाली, ओष्ठाचा ओठ, कोष्ठाचा कोठा. पहिल्या चौघांत मुळात ट, नंतरच्या तिघांत ठ, आणि बोलण्यात मात्र सातही जण ठ घेऊन उभे. मिष्टचंही तेच झालं. मिष्ट, मग मिट्ठ, मग हिंदीत मीठा आणि त्यावरून मिठाई. ‘मिठाई’त ठ आहे, तो बरोबरच आहे. पण तोच ठ उचलून परत संस्कृत शब्दात बसवला की मिष्ठान्न तयार होतं. हे झालं पीठ शब्दात ठ आहे म्हणून पिष्टमय पदार्थांना पिष्ठमय लिहिण्यासारखं. लक्षात ठेवायला हीच जोडी सोपी आहे: पीठ–पिष्ट, मिठाई–मिष्ट.

आणि याच मिट्ठमधून मराठीने काय काढलं? मीठ. खारट मीठ. हिंदीभाषक पाहुणा ‘मीठा लाओ’ म्हणाला आणि वाढप्याने मिठाची वाटी पुढे केली, हा विनोद त्यामुळेच होतो. मूळ अर्थ ‘चव आणणारं, रुचकर’ असा असल्यामुळे एका भाषेत तो साखरेकडे गेला आणि दुसरीत समुद्राकडे. गुजरातीने तर दोन्ही ठेवले: मीठुं म्हणजे गोडही आणि मीठही. संस्कृतातला लवण आपल्याकडे लोणच्यात आणि अळणीत उरला आहे. पानात सगळ्यांत आधी वाढतात ते मीठ आणि ज्याची वाट पाहत सगळे बसलेले असतात ते मिष्टान्न, दोघांचं मूळ एकच. व्याकरणाच्या तासाला हे सांगितलं असतं तर कदाचित पाट्या सुधारल्या असत्या.

ठ पसरण्याचं दुसरं कारण साधं आहे. उत्तरेकडच्या पाट्यांवर ‘मिष्ठान्न भंडार’ ही जोडगोळी फार जुनी. हिंदी कोशांतही बरोबर रूप मिष्टान्नच आहे, पण कोश बघून पाटी कोण रंगवतं? आपल्याकडे मिठाईच्या धंद्यात राजस्थानातून आलेली अनेक कुटुंबं आहेत. धंद्याबरोबर नावाचा साचाही आला आणि मराठी दुकानदारांनी तो तसाच उचलला. २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी जुनी हिंदी पाटीच ‘मराठी’ म्हणून खपून गेली. लिपी एकच, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता ट की ठ हे एरवी कसं ओळखायचं, ते सांगते. साखरेच्या पाकासारखी पक्की तार येणार नाही, पण कामापुरती येते. ‘केलेलं, झालेलं’ असा अर्थ असेल तर ष्ट: तुष्ट, पुष्ट, दुष्ट, नष्ट, भ्रष्ट, इष्ट, उत्कृष्ट, उच्छिष्ट. यांच्यातल्या कित्येकांची ष्टी किंवा ष्टि असलेली बहीण सापडते, तुष्टी, पुष्टी, आणि तिच्यावरून पौष्टिक. म्हणून लाडूच्या डब्यावरचं ‘पौष्ठिक’ चूक. ‘सगळ्यांत जास्त’ असा अर्थ असेल तर ष्ठ: श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ. आणि स्था धातूचा वास असेल तरी ष्ठ: निष्ठा, प्रतिष्ठा. काष्ठ, पृष्ठ, कुष्ठ, षष्ठी यांना मात्र पाठांतराशिवाय उपाय नाही.

हे वाचून एखादा चोखंदळ वाचक लगेच विचारेल: मग स्वादिष्ट? तो तर ‘सगळ्यांत स्वादु’ या अर्थाचा. बरोबर पकडलंत. संस्कृतात तो शब्द स्वादिष्ठ असाच आहे. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलाची सुरुवातच ‘स्वादिष्ठया मदिष्ठया’ अशी होते, सोमरसाचं वर्णन आहे ते. मराठीने त्याचा ठ सोडला आणि स्वादिष्ट केला, मग त्याच चालीवर आपल्या ‘चव’ला इष्ट जोडून चविष्ट हा अस्सल घरगुती शब्द घडवला, कोपिष्टही तसाच. गोष्ठीची आपण गोष्ट केली. उलट दिशेनेही गेलो: खोकल्यावर चघळतो ते ज्येष्ठमध मुळात यष्टिमधु, म्हणजे गोड काठी. त्यात ज्येष्ठ असं कोणीच नाही.

एकदा एका केटररच्या मेनूकार्डाचं प्रूफ आलं होतं. पहिल्याच ओळीत ‘स्वादिष्ठ मिष्ठान्न’. दोन शब्दांत दोन ठ. संस्कृतच्या हिशेबाने पहिला बरोबर, दुसरा चूक. मराठीच्या रूढीने दोन्ही चूक. मी दोन्हींचे ट केले. केटररने विचारलं, “बाई, ठ लिहिला तर जास्त वजनदार वाटतं ना?” त्याला वाटत होतं ते मला कळत होतं. ठ दिसतो भारदस्त, जरा शास्त्रोक्त. कित्येक पाट्यांवर तो त्याच कारणाने येत असावा.

मग रूढी म्हणून स्वादिष्ट चालतं तर रूढी म्हणून मिष्ठान्न का चालू नये? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. माझ्या मते फरक असा, की स्वादिष्ट, गोष्ट, चविष्ट ही रूपं पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, कोशांत, सगळीकडे एकसारखी स्थिरावली. मराठीत कोणी ‘गोष्ठ सांग’ म्हणत नाही. मिष्टान्नचं तसं झालेलं नाही. छापील मराठीत ते टनेच टिकून आहे, कोशातही तेच. ठ फक्त पाटीवर, खोक्यावर आणि पत्रिकेवर वावरतो. आणखी शंभर वर्षांनी तो कोशात बसला तर तेव्हाचे लोक बघतील. आज लिहायचं असेल तर ट.

आता अर्थ. संस्कृतात मिष्टान्न म्हणजे रुचकर अन्न. गोड असलंच पाहिजे असं नाही. मराठीत मात्र ते गोडाकडेच झुकलं. तरीही मिष्टान्न आणि मिठाई एक नव्हे. मिठाई म्हणजे पेढे, बर्फी, बालुशाही: दुकानातून खोक्यात येते, उभ्या उभ्या तोंडात टाकता येते, पाहुण्याच्या हातावर ठेवता येते. मिष्टान्न म्हटलं की डोळ्यांपुढे पान येतं: श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी, पाकातली जिलबी. ‘आज काय मिष्टान्न?’ हा प्रश्न जेवणाबद्दल असतो. पक्वान्नही याच घरातलं. शब्दशः ते नुसतं ‘शिजवलेलं अन्न’, पण मराठीने त्यालाही गोड केलं. त्याचं ‘पकवान’ हे हिंदी वळण, मराठीत लिहाल तर पक्वान्न. आणि या सगळ्यांच्या खाली, रोजच्या बोलण्यात, गोडधोड. ‘मुलगा पास झाला, काहीतरी गोडधोड करा’ असं म्हणतात. ‘मिष्टान्न करा’ म्हणणारा माणूस एकतर कीर्तनकार असतो किंवा चेष्टा करत असतो.

तुमच्या दुकानात काय काय मिळणार, ते तुम्ही लिहिलं नाही. श्रीखंड, बासुंदी, सणाला पुरणपोळ्या असा बेत असेल तर ‘मिष्टान्न’ शोभून दिसेल. फक्त पेढे-बर्फी असेल तर सरळ ‘मिठाई’ लिहा. सोपा शब्द, चुकायची भीती नाही आणि गिऱ्हाइकाला लांबून कळतो. ते कमीपणाचं अजिबात नाही.

पाटीतलं बाकीचं. ‘शुध्द’ नव्हे, शुद्ध. आधी द अर्धा, मग पूर्ण ध. जोडाक्षरात ध द च्या पोटाखाली लटकतो म्हणून रंगवणाऱ्याला क्रम उलटा वाटतो. त्याला जमत नसेल तर द चा पाय मोडून शेजारी ध लिहू द्या, शालेय पुस्तकांत तसं छापतात. ‘तुपातील’ तुम्ही बरोबर लिहिलंय. तूप दीर्घ, पण प्रत्यय लागला की तु ऱ्हस्व. शुद्धच्या जागी ‘साजूक’ घेतलंत तर जू दीर्घ ठेवा. ‘फरसान’ नाही, फरसाण. ‘भांडार’ ठीक आहे. ‘भंडार’ही चालतं, पण मराठी कानाला त्यात जेजुरीचा भंडारा आठवतो.

आणि एक गोष्ट व्याकरणाची नाही, पण डोळ्यांत खुपते. ‘शुद्ध तुपातील मिष्टान्न व फरसाण’ असं सलग लिहिलं तर फरसाणही तुपात तळलंय असं वाचलं जातं. शेव-पापडी तुपात तळणार असाल तर माझा नमस्कार. नसाल तर दोन ओळी करा. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध तुपातील मिष्टान्ने’, खाली लहान अक्षरांत ‘ताजे फरसाण’. नपुंसकलिंगी शब्द आहे, ते मिष्टान्न, ती मिष्टान्ने. अनेकवचनामुळे पुष्कळ प्रकार आहेत हेही आपोआप कळतं. हवं असल्यास त्याखाली ‘लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतल्या जातील’, पण पाटी जितकी मोकळी तितकी लांबून वाचता येते.

पेंटरला सांगताना नुसतं ‘ट लिही’ म्हणू नका, कागदावर मोठा काढून द्या. ट आणि ठ यांत फरक एवढाच, की देठाखालचा गोल ट मध्ये उजवीकडे उघडा असतो आणि ठ मध्ये बंद. जाड ब्रशने, त्यातून अक्षराला सावली देण्याची हौस असली की ट चं तोंड मिटतं आणि मजकूर बरोबर देऊनही पाटीवर ठ उगवतो. फ्लेक्स करत असाल तर प्रूफ मोबाइलवर लहान आकारात पाहून ‘ओके’ म्हणू नका. पडद्यावर बोटांनी मोठं करून ष्ट तेवढा तपासा, आणि सोबत न्न मधले दोन्ही न मोजा. काही सजावटी फॉन्टमध्ये न्न इतका दाटीने येतो की त्याचा त्र वाटतो; तसं असेल तर फॉन्ट बदलायला लावा.

शेवटचं, आणि हे पेंटरकडे जाण्याआधी बघा. दुकानाचं नाव नोंदणीत, परवान्यावर किंवा बँकेच्या खात्यात आधीच ‘मिष्ठान्न’ असं गेलं असेल तर पाटीवर एकट्यानेच ट करू नका, कागद आणि पाटी जुळली पाहिजे. विशेषनामाला शुद्धलेखनाचे नियम लागत नाहीत, ते तसंच राहिलं तरी कोणी तुम्हाला अडवणार नाही. नाव अजून कुठेच नोंदलेलं नसेल तर मात्र अर्ज भरतानाच ट लिहा. खोके छापून आले असतील तर तेही टाकून देऊ नका. दिवाळीपर्यंत संपतील, पुढच्या छपाईच्या आधी प्रेसवाल्याकडून प्रूफ मागून घ्या.